समुद्रावर ढगांची दाटी, जमिनीवर उघडीप

मोसमी पावसाविषयी या वेळी बरीच पत्रे आली. शब्द निरनिराळे असले तरी बहुतेकांचा रोख एकच आहे : आपल्या शेतावर पाऊस पडायचा की नाही, हे शेकडो-हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रावरचे ढग कसे ठरवतात? म्हणून या महिन्याचे सदर याच विषयाला दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : ऑगस्टमध्ये आमच्याकडे सलग अठरा दिवस पाऊस नव्हता. सोयाबीनने माना टाकल्या होत्या. त्याच दिवसांत मोबाइलवर उपग्रहाची चित्रे पाहिली, तर श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रावर पांढरेशुभ्र ढग गच्च भरलेले दिसत होते. ढग एवढे जवळ असताना ते इकडे का सरकले नाहीत?

उत्तर : ते ढग तिथे होते, म्हणूनच तुमच्याकडे पाऊस नव्हता. हे उत्तर पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे.

समुद्रावरची दमट हवा तापून वर चढते, थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते आणि त्या वेळी बाष्पात दडलेली उष्णता हवेत मोकळी होते. या उष्णतेमुळे हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते. शाळेच्या पुस्तकातल्या ‘अभिसरण’ या शब्दाचे हे आकाशातले रूप. एक लिटर पाणी बाष्पातून तयार होते तेव्हा सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. विजेच्या भाषेत सांगायचे तर जवळपास पाऊण युनिट. एका चौरस किलोमीटरवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यासाठी वरच्या हवेत सुमारे 70 लाख युनिटांइतकी उष्णता सोडली गेलेली असते. उपग्रहचित्रात तुम्हाला दिसलेली ढगांची दाटी काही लाख चौरस किलोमीटरवर पसरलेली असू शकते, यावरून या भट्टीची कल्पना यावी.

आता वर गेलेली हवा कुठेतरी खाली यायलाच हवी. ढगाच्या गाभ्यात ती सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने चढते, पण हा गाभा असतो जेमतेम काही किलोमीटर रुंद. उतरताना मात्र ती हजारो किलोमीटरच्या परिसरात पसरून, दिवसाला अर्धा-एक किलोमीटर अशा संथ गतीने उतरते. उतरणारी हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी तापू पाहते. जमिनीलगतची ओली हवा वर चढू लागली, की तिला डोक्यावर ही कोरडी, उबदार हवा भेटते आणि तिची चढण तिथेच खुंटते. दुपारी कापसाच्या बोंडांसारखे पांढरे ढग जमतात, पण उंची न गाठताच संध्याकाळपर्यंत विरून जातात. हे दृश्य त्या अठरा दिवसांत तुम्ही रोज पाहिले असेल.

पावसाळ्यात आपल्या रेखांशांवर ढगांच्या दाटीला दोन ठिकाणे आवडतात : एक उत्तर भारताच्या मैदानावरचा आणि बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागावरचा पट्टा, ज्याला हवामान खाते ‘मान्सूनचा आस’ म्हणते, आणि दुसरे विषुववृत्ताजवळचा हिंदी महासागर. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी 1973 ते 1977 या वर्षांतील उपग्रहचित्रे दिवसागणिक तपासून 1980 साली दाखवून दिले, की या दोन पट्ट्यांमध्ये चढाओढ चालते. समुद्रावरचा पट्टा जोरात असला की जमिनीवरचा मरगळतो, आणि जमिनीवरचा उभा राहिला की समुद्रावरचा विझतो. दोघांनाही लागणारे बाष्प आणि वारे एकाच साठ्यातून येतात आणि दोघे एकाच वेळी भरात आले असे फारसे घडत नाही. पावसाने ओढ दिली असताना मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो, त्यामुळे तिथे नद्यांना पूर येतात आणि मध्य भारत कोरडा राहतो. एकाच दिवशीच्या वर्तमानपत्रात आसाम-बिहारचा पूर आणि मराठवाड्यातली दुबार पेरणी शेजारी-शेजारी छापलेली असते, तिचे मूळ पुष्कळदा इथे असते.

प्रश्न : मग असा खंड संपतो तरी कसा? समुद्रावरचे ढग तिथेच विरतात की पुढे येतात?

उत्तर : दोन्ही घडते, पण आपल्या कामाचे असते ते त्यांचे पुढे येणे. सिक्का-गाडगीळ यांच्या त्याच अभ्यासातली ही दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट. विषुववृत्तावरचा ढगांचा पट्टा दर काही आठवड्यांनी उत्तरेकडे निघतो. त्याची चाल असते दिवसाला सुमारे एक अक्षांश, म्हणजे साधारण 110 किलोमीटर, एखाद्या सायकलस्वाराच्या दिवसभराच्या मजलीएवढी. या गतीने तो तीन आठवड्यांच्या आसपास मध्य भारतावर येतो. म्हणजे ज्या ढगांनी तुमचा पाऊस अडवून धरला, त्यांचाच पट्टा पुढे तुमच्याकडे पाऊस घेऊन येऊ शकतो.

तो उत्तरेलाच का सरकतो, याची कारणे एकाहून अधिक आहेत. पावसाळ्यात खालच्या थरात वारे पश्चिमेकडून वाहतात आणि 14-15 किलोमीटर उंचीवर ते पूर्वेकडून, तेही फार वेगाने. पी. कोटेश्वरम यांनी 1950च्या दशकात या उंचावरच्या पूर्वेकडील प्रवाहाची ओळख जगाला करून दिली. खाली एक दिशा आणि वर नेमकी उलटी, अशा हवेत ढगांची दाटी उभी राहिली, की तिच्या उत्तर अंगाला खालच्या थरात चक्राकार फिरण्याची प्रवृत्ती निर्माण होते, तिथे वारे एकवटतात आणि नवे ढग जुन्यांच्या उत्तरेला उगवतात. दुसरे कारण पाण्यात आहे. दाटीच्या पुढच्या बाजूला आकाश निरभ्र आणि वारा मंद असल्यामुळे समुद्र तापलेला असतो. मागच्या बाजूला ढगांच्या सावलीने आणि वाऱ्याच्या घुसळणीने तो निवलेला असतो. म्हणजे पुढे वाट मोकळी आणि मागे दार बंद. अर्थात प्रत्येक पट्टा मुक्कामाला पोहोचतोच असे नाही. काही 10 अंश अक्षांशापर्यंत येऊन ढेपाळतात आणि मग अंदाज वर्तवणाऱ्यांना बोल लागतो.

प्रश्न : शाळेत शिकवले होते, की उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, जमिनीवर कमी दाब तयार होतो आणि समुद्रावरून वारे येतात. हे चुकीचे होते का?

उत्तर : चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जमीन सर्वाधिक तापते ती मे महिन्यात. पाऊस जोर धरतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा जमीन बरीच निवलेली असते. पावसात खंड पडला की जमीन पुन्हा तापते, पण त्यामुळे पाऊस धावून येत नाही. दुष्काळी वर्षांत तर जमीन अधिकच तापलेली असते. केवळ जमीन-समुद्राच्या तापमानातील फरकावर सगळा कारभार चालत असता, तर हे चित्र उलटे दिसायला हवे होते.

जमिनीचे तापणे वाऱ्यांना दिशा देते, प्रारंभाचा धक्का देते. नंतर मात्र चाक फिरते ठेवते ती ढगांत मोकळी होणारी उष्णता. म्हणूनच मोसमी पावसाकडे ‘प्रचंड मोठे खारे-मतलई वारे’ म्हणून पाहण्यापेक्षा, सूर्यामागोमाग विषुववृत्तावरून उत्तरेला सरकलेला उष्णकटिबंधीय मेघपट्टा म्हणून पाहणे जास्त उपयोगी ठरते. शालेय पुस्तकांत हा बदल यायला हवा असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : समुद्र जितका गरम तितकी वाफ जास्त, आणि वाफ जास्त तर पाऊस जास्त. मग अरबी समुद्र तापल्याच्या बातम्या येऊनही पाऊस कमी का पडतो?

उत्तर : या तर्कात पहिली पायरी बरोबर आहे, दुसरी निसरडी आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 28 अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर उंच, संघटित मेघसमूह तिथे क्वचितच उभे राहतात. तो उंबरठा ओलांडला की ते उभे राहू शकतात. पण ‘राहू शकतात’ आणि ‘राहतात’ यांत मोठे अंतर आहे. गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी 1984 साली दाखवले, की उंबरठ्याच्या वर पाणी 28.5 अंश आहे की 29.5, यावरून ढग किती असतील ते सांगता येत नाही. त्याच गरम पाण्यावर एका आठवड्यात आकाश निळे असते, तर दुसऱ्या आठवड्यात ढग 15 किलोमीटर उंचीपर्यंत चढलेले असतात. तेथून पुढचा निर्णय वारे कुठे एकवटतात आणि वरची हवा उतरणारी आहे की चढणारी, यावर होतो. चूल पेटलेली असली म्हणजे भाकरी थापली गेली असे होत नाही.

अरबी समुद्राची तर आणखी एक गंमत आहे. मेमध्ये त्याचे पाणी 30 अंशांच्या आसपास असते. मोसमी वारे सुरू झाले, की सोमालियाच्या किनाऱ्यालगत सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून वाहणारा जोरदार प्रवाह पाणी ढवळतो, खोलचे थंड पाणी वर आणतो आणि समुद्राचा पश्चिम भाग झपाट्याने निवतो. म्हणजे ज्या वाऱ्यांवर पाऊस येतो, तेच वारे त्या समुद्राची ढग उभे करण्याची ताकद कमी करतात. अरबी समुद्र आपल्याला बाष्प पुरवतो, पण ऐन पावसाळ्यात पावसाची मोठी यंत्रणा तो स्वतः फारशी उभी करत नाही.

ते काम बंगालच्या उपसागराचे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इतर नद्यांचे गोडे पाणी, शिवाय वरून पडणारा पाऊस, यांमुळे त्याच्या खाऱ्या पाण्यावर हलक्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. वारा कितीही सुटला तरी हा थर खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही. मेघसमूह येऊन गेल्यावर पृष्ठभाग थोडा निवतो, पण काही दिवसांच्या उन्हात तो पुन्हा तापून उंबरठ्याच्या वर येतो. म्हणूनच एकेका हंगामात साधारण तेरा-चौदा कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, त्यांपैकी बरीचशी याच उपसागरात, आणि बहुतेक वायव्येकडे सरकत मध्य भारतात पाऊस पाडत जातात. त्यांतल्या काहींचे बीज आणखी पूर्वेला असते : दक्षिण चीन समुद्रातले वादळ व्हिएतनाम-थायलंड ओलांडताना मोडते आणि त्याचे अवशेष उपसागरात उतरून गरम पाण्यावर पुन्हा जीव धरतात. उपसागरात कमी दाब तयार झाला, की अरबी समुद्रावरून येणारे वारेही तिकडे ओढले जातात आणि वाटेत सह्याद्रीला धडकतात. त्यामुळे कोकणातल्या मुसळधार पावसाची बातमी अनेकदा ओडिशाच्या किनाऱ्यापासून सुरू होते.

प्रश्न : हवामानाच्या बातम्यांत ‘एमजेओ अनुकूल टप्प्यात आहे’ असे सांगतात. हा काय प्रकार आहे?

उत्तर : रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातल्या कँटन या छोट्या बेटावरच्या वाऱ्यांच्या आणि वायुदाबाच्या नोंदी तपासताना 1971 साली त्यांत 40 ते 50 दिवसांनी येणारी लय पकडली. पुढे कळले, की ही लय म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारी ढगांची एक प्रचंड लाट आहे. या दोघांच्या नावावरून तिला ‘मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन’, थोडक्यात एमजेओ, म्हणतात. हिंदी महासागरात ती सहसा आकार घेते, सेकंदाला सुमारे पाच मीटर गतीने इंडोनेशियाकडे आणि तिथून पश्चिम प्रशांत महासागराकडे जाते. लाटेच्या पुढे-मागे हवा उतरत असते आणि तिथे आकाश मोकळे असते. या फेरीचे सोयीसाठी आठ टप्पे पाडले आहेत. दुसरा आणि तिसरा हिंदी महासागराचा, चौथा-पाचवा इंडोनेशियाच्या बेटांचा, सहावा-सातवा पश्चिम प्रशांत महासागराचा, आणि उरलेले दोन पश्चिम गोलार्ध व आफ्रिकेचे.

पावसाळ्यात ही लाट हिवाळ्याइतकी जोमदार नसते आणि सरळ पूर्वेला जाण्याऐवजी तिची एक शाखा उत्तरेला वळते. वर सांगितलेला उत्तरेकडे चालणारा पट्टा पुष्कळदा या लाटेशीच जोडलेला असतो. लाट इंडोनेशियाकडे पोहोचते तेव्हा पावसाचा पट्टा भारतापासून आग्नेयेकडे तिरका पसरतो आणि मध्य भारतात पाऊस जोर धरण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ‘अनुकूल टप्पा’ म्हणजे लाट आज विषुववृत्तावर कुठे आहे, यापेक्षा तिची उत्तरेकडची शाखा आठ-दहा दिवसांनी कुठे असेल याचे अनुमान, असे समजावे.

प्रश्न : एल निनो म्हणजे दुष्काळ हे समीकरण किती खरे?

उत्तर : अर्ध्याहून जास्त खरे, पण समीकरण म्हणण्याइतके नाही. पश्चिम प्रशांत महासागर आणि इंडोनेशिया हा जगातला सर्वांत मोठा मेघाचा कारखाना. एल निनोच्या वर्षी गरम पाणी पूर्वेकडे सरकते, त्यामागोमाग कारखानाही सरकतो आणि इंडोनेशियापासून भारतापर्यंतच्या भागात हवा उतरू लागते. पहिल्या उत्तरातला हिशेब इथे दहापट मोठ्या पटावर मांडलेला आहे, एवढेच. 1904 ते 1924 या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर आपल्या पावसाचा अंदाज शोधता शोधता प्रशांत महासागरापर्यंत पोहोचले होते आणि तिथल्या दाबाच्या हेलकाव्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ असे नाव दिले. तो हेलकावा आणि एल निनो ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे मात्र त्यांच्यानंतर कित्येक वर्षांनी स्पष्ट झाले.

समीकरण कुठे फसते ते दोन वर्षांतून दिसते. 1997 सालचा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक होता, तरी भारतात सरासरीच्या 102 टक्के पाऊस पडला. 2002 सालचा एल निनो त्यामानाने किरकोळ, पण त्या जुलैत पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला आणि हंगाम 19 टक्क्यांच्या तुटीवर संपला. याची दोन कारणे पुढे आली. पहिले, प्रशांत महासागर नेमका कुठे तापला : दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे तापण्यापेक्षा मध्यभागी तापला, तर हवा उतरण्याची जागा भारताच्या अधिक जवळ येते. दुसरे, आपल्याच हिंदी महासागरात ढग कोणत्या बाजूला होते. विषुववृत्तावर आफ्रिकेकडच्या बाजूला ढग वाढले आणि सुमात्राकडच्या बाजूला घटले, तर ते भारताच्या पावसाला मानवते. उलटे झाले तर बाधते. 1997 मध्ये फासे आपल्या बाजूने पडले होते, 2002 मध्ये दोन्हीकडून विरुद्ध.

ढगांच्या या बाजू बदलण्याशी निगडित असा हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम बाजूंच्या तापमानात जो झोका असतो, त्याला ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात. 2019 साली जूनमध्ये पाऊस 33 टक्के कमी होता, आणि पुढे हा डायपोल कमालीचा अनुकूल झाला. सप्टेंबरात सरासरीच्या दीडपट पाऊस होऊन हंगाम 110 टक्क्यांवर गेला. जूनच्या अखेरीस दुष्काळाचे अग्रलेख लिहिणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांत प्रस्तुत लेखकही होता.

हंगामाचा आकडा फसवाही असतो. 2023 हे एल निनोचे वर्ष 94 टक्क्यांवर संपले, म्हणजे कागदावर थोडीशीच तूट. पण त्या वर्षीचा ऑगस्ट 36 टक्के तुटीचा, 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. कापसाला बोंडे धरण्याच्या दिवसांत पडलेला खंड सप्टेंबरच्या सरींनी भरून निघत नाही.

प्रश्न : उपग्रहाची चित्रे आपण स्वतः पाहून काही समजू शकते का?

उत्तर : समजू शकते, थोडी सवय मात्र लागते. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची ताजी चित्रे असतात. अवरक्त चित्रात पांढरेपणा म्हणजे थंडपणा. उंच मेघाचा माथा उणे 70 अंशांच्याही खाली असू शकतो, म्हणून तो सर्वांत झगझगीत दिसतो. पण पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे विरळ ढगही थंड असल्यामुळे पांढरेच दिसतात आणि त्यांतून पाऊस पडत नाही. दोहोंतला फरक ओळखायचा, तर दिवसाच्या दृश्य-प्रकाशातल्या चित्राशी ताडून पाहावे : विरळ ढगांतून खालचा समुद्र दिसतो, खऱ्या मेघातून दिसत नाही. ओळीने लावलेली चित्रे पाहिली, तर मेघाच्या माथ्यावरून पांढरे झालर-पदर पश्चिमेकडे ओढले जाताना दिसतील; तो वर उल्लेखिलेला पूर्वेकडून येणारा वारा.

मग एकच सवय लावावी. आपल्या डोक्यावरचा ढग शोधण्याआधी विषुववृत्तापासून 10 अंश उत्तरेपर्यंतचा समुद्र पाहावा आणि तिथली दाटी मागच्या आठवड्यापेक्षा वर सरकली आहे का, ते तपासावे. शेतकऱ्यांनी याच्या जोडीला हवामान खाते दर गुरुवारी देत असलेला चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज वाचावा. त्यातले पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी भरवशाचे असतात, तिसरा दिशा दाखवण्यापुरता. चौथ्या आठवड्यावर विसंबून फवारणीची तारीख ठरवू नये.